बालवाडीत तापाची आकडी येणारं मूल आहे, वर्गात नेमकं काय करायचं?

खडूवाली

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या एका छोट्या खाजगी बालवाडीत मी लहान गट घेते. वर्गात २६ मुलं, मदतीला एक मावशी आणि भिंतीपलीकडे मोठ्या गटाच्या बाई.

जूनमध्ये एका मुलाचा प्रवेश झाला. पावणेचार वर्षांचा आहे, वर्गातला सगळ्यात बडबड्या. फॉर्म भरताना आईनं आजारपणाच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं होतं. परवा त्याला सोडायला आली आणि दारातच घुटमळत राहिली. मुलं आत गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, ह्याला ताप चढला की आकडी येते. दोनदा येऊन गेलीय. शाळेत सांगू नको म्हणतात घरी, पण माझा जीव थाऱ्यावर राहत नाही." मग पिशवीतून एक डबा काढून दिला. त्यात पॅरासिटामॉलची बाटली, नाकात मारायचा एक छोटा स्प्रे आणि डॉक्टरांची घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीतलं अक्षर मला लागलं नाही.

आमच्या मुख्याध्यापिकांना सांगितलं तर त्यांचं म्हणणं, आपल्याला ही जबाबदारी नको, आईला बाहेर व्हरांड्यात बसवा, नाहीतर पुढच्या वर्षी आणा म्हणावं. आई शिलाईच्या कारखान्यात जाते. ती व्हरांड्यात बसली तर घर कसं चालणार?

मावशींना मात्र पूर्ण खात्री आहे. कांदा फोडून नाकाला लावायचा, नाही थांबली तर चामड्याची चप्पल, आणि दातखीळ बसली तर दातांत चमचा. त्यांनी स्टीलचा चमचा माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवलासुद्धा.

मी आजवर कुणालाच आकडी आलेली बघितलेली नाही. त्या वेळी मी काय करायचं, तो स्प्रे मी मारायचा की नाही, अंग गरम लागलं तर औषध आधीच पाजायचं का, आणि बाकीच्या २५ मुलांचं काय करायचं? ज्यांनी प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी लिहा प्लीज.

बदलापूरची आई

खडूवाली ताई, माझ्या मुलीला तापात आकडी यायची. आता ती तिसरीत आहे आणि बंद झालंय. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी फक्त ते दिसतं कसं ते लिहिते, कारण ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती दीड वर्षाची होती. दुपारी खेळत होती, थोडी किरकिर करत होती, बस. मांडीवर घेतलं तर अंग एकदम ताठ झालं, डोळे वर गेले, हाक मारली तर लक्षच नाही. मग हातपाय एका लयीत झटके द्यायला लागले. तोंडाला फेस, ओठांभोवती निळसर. मला वाटलं, गेली. खरंच तसं वाटतं. नंतर दवाखान्यात भेटलेल्या दुसऱ्या एका आईनंही अगदी हेच सांगितलं. पुढं अंग सैल पडलं, घरघर असा श्वास लागला आणि ती गाढ झोपली. ताप मोजला तेव्हा कळलं की १०२ आहे. तोवर ताप आलाय हेच आम्हाला माहीत नव्हतं.

हे लिहायचं कारण, तुम्हीही तो निळा ओठ बघणार आहात. तो डोळ्यांनी बघण्याआधी एकदा कानांनी ऐकलेला बरा.

सडेतोड अण्णा

एवढा बाऊ कशाला? आमच्या आजीनं गावातल्या पन्नास पोरांच्या आकड्या कांद्यानं थांबवल्या. हुंगवला की मूल डोळे उघडायचं. हल्ली सगळ्याला स्प्रे आणि ॲम्ब्युलन्स लागते. कांदा दहा रुपयांत येतो.

माणदेशी बाई

अण्णा, तुमच्या आजीला नमस्कार. तापातली आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. घरातला कांदा शोधायचा, फोडायचा आणि नाकाशी न्यायचा म्हटलं तर तेवढा वेळ जातोच. मग जे काही शेवटी केलं त्याला यश. किल्ली हातात दिलेल्यांचीही आकडी थांबते, आणि अंगारा लावलेल्यांचीही.

आता खडूवाली, तुझ्याशी बोलते. मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, बरीचशी पहिली-दुसरीवर. शाळेच्याच पडवीत अंगणवाडी भरायची आणि सेविकेची पहिली हाक मलाच असायची. त्यामुळं तापातली आकडी, बिनतापाची आकडी आणि गणिताच्या तासाला येणारी आकडी, तिन्ही बघितल्यात.

तो चमचा आजच्या आज ड्रॉवरमधून काढ. जबडा आवळलेला असताना तो उघडायला गेलं की दुधाचा दात तुटतो, तुकडा घशात जायची भीती, नाहीतर आपलं बोट अडकतं. जीभ गिळली जात नाही. ती खालून धरलेलीच असते. फार तर कडेला चावली जाते, थुंकीत रक्त दिसतं, आणि पोर चार दिवसांत भडंग खायला लागतं. आमच्या केंद्रातल्या एका शाळेत पळीचा दांडा घातला होता. आकडी केव्हाच थांबली, ओठाला मात्र टाके पडले.

पण मावशींना रागावून हे सांगू नकोस. भ्यालेल्या माणसाला 'काही करू नका' म्हटलं की तो नेमका चमचाच शोधतो. त्यांना काम दे. आकडी आली की मावशींनी एकच करायचं, बाकीची पोरं उठवून पलीकडच्या बाईंच्या वर्गात न्यायची. रेलगाडी करून, एकमेकांचा सदरा धरून, जशी रोज प्रार्थनेला नेतात तशी. हे आधी दोनदा करून बघ, पोरांना खेळ वाटेल. पलीकडच्या बाईंनी पोरं ताब्यात घेतली की मावशी फोन घेऊन तुझ्यापाशी परत. आईचा नंबर, बापाचा नंबर आणि १०८ त्यांना पाठ नसले तर दारामागं मोठ्या अक्षरात लिहून चिकटव. शाळेचा पत्ताही लिही, खुणेसकट. 'मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीशेजारी' हे सुद्धा घाबरल्यावर आठवत नाही.

तू स्वतः पोराजवळ. ते जिथं असेल तिथंच खाली घे. बाकावर असेल तर हळूच सतरंजीवर. बाकाचे लोखंडी पाय, पाट्या, पाण्याच्या बाटल्या बाजूला सार. तुझ्या ओढणीची घडी डोक्याखाली घाल. दप्तर घालू नकोस, त्यात कंपासपेटी असते. मग पोराला कुशीवर कर, तोंड किंचित जमिनीकडं, म्हणजे लाळ आणि ओकारी बाहेर पडेल. डबा खाताना आली असेल तरी हेच. घास आपोआप बाहेर येऊ दे, बोट घालायचं नाही. गळ्याशी काय काय असतं ते बघ: वरचं बटण, टाय, ओळखपत्राची दोरी, बाटलीचा पट्टा, काळा दोरा, ताईत. थंडीत माकडटोपी. सगळं सैल कर. हातपाय दाबून धरू नकोस. झटके दाबल्यानं थांबत नाहीत, कोवळ्या हाडांना इजा मात्र होते. पाणी पाजायचं नाही, तोंडावर शिंपडायचं नाही, गालावर चापट्या मारायच्या नाहीत.

आणि हे सगळं करायच्या आधी, हात मोकळा असेल तेव्हाच, फळ्यावर वेळ लिही. घड्याळात बघ आणि खडूनं लिही: ११ वाजून २० मिनिटं. मी अंगणवाडीच्या पोरींना हेच बजावत आले. आकडी चालू असताना एक मिनिट पाव तासाएवढं वाटतं. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव म्हणतं, अर्धा तास पोर तडफडत होतं. डॉक्टर त्या अर्ध्या तासावर औषध ठरवतो. फळ्यावर ११.२० आणि खाली ११.२२ असेल तर पुढं पोराच्या वाट्याला येणारी निम्मी औषधं टळतात. एका अंगणवाडीत भिंतीवरचं घड्याळ वर्षभर बंद होतं, मी वर्गणी काढून सेल टाकायला लावला. तुझ्या वर्गातलं चालू आहे का बघ.

दुसऱ्या कुणाला बघायला सांग की झटके दोन्ही बाजूंना आहेत की एकाच हातापायाला, डोळे कुठं वळलेत. नंतर डॉक्टर विचारतातच.

एक मोह फार होतो, पोराला खांद्यावर टाकून पळायचा. शाळेच्या फाटकात चार बाप्ये नेहमी उभे असतात. 'सरका बाई' म्हणतात आणि उचलतात. खांद्यावर मान लोंबते, श्वासाची वाट बंद होते, पळताना ठेच लागली तर दोघंही खाली. त्यांना म्हणावं, गाडी चालू करून फाटकात उभी करा. काम मिळालं की बाप्येही शांत होतात.

थांबल्यावर पोर झोपेल. झोपू दे, कुशीवरच. श्वास चालू आहे ना तेवढं बघत बस. चड्डी ओली झालेली असते बहुतेक वेळा, तेव्हा अंगावर चादर टाक आणि बाकीची पोरं परत यायच्या आत बदल. एक जादा जोडी आईकडून आजच मागून घे. नीट जागं होऊन आईचं नाव सांगेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नको.

बाकीच्या पोरांचं विचारलंस ते बरं केलंस, सहसा कुणी विचारत नाही. चार वर्षांच्या पोरांना 'काही नाही झालं' म्हणून भागत नाही. त्यांनी बघितलेलं असतं. 'त्याला ताप आला, म्हणून अंग हललं, आता झोपलाय, उद्या-परवा येईल.' एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोरं मधल्या सुट्टीत आकडी-आकडी खेळतील, जमिनीवर पडून हातपाय झाडतील. खेळू देत. ओरडलीस तर ती गोष्ट वर्षभर चालेल. पण ते पोर परत आल्यावर कुणी त्याला त्या नावानं हाक मारली तर तिथं मात्र कान धरायचा.

राहिल्या तुमच्या मुख्याध्यापिका. ह्या एका पोराला घरी बसवलं तरी उरलेल्या २५ पैकी कुणाला पहिली आकडी तुझ्या वर्गात येणार नाही असं कुणी लिहून दिलंय? ह्या पोराचं निदान माहीत तरी झालं. आई बोलली म्हणून. तिला व्हरांड्यात बसवलं तर गावातली पुढची आई तोंड उघडणार नाही, आणि मग तुला फॉर्मवर 'काही नाही' वाचून वर्ग चालवावा लागेल.

लपवण्याचं प्रमाण केवढं आहे ते नोकरीत कळलं. मुलगा असेल तर आई कधीतरी बोलते. मुलीची आई अजिबात नाही. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! मिरगी म्हणतील, बाहेरचं म्हणतील, नाव पडेल. म्हणून मी पालकसभेत सगळ्यांसमोर कधीच विचारलं नाही. एकेकीला बाजूला घेऊन, आणि शक्यतो आजीला. आज्या लपवत नाहीत. 'ह्याच्या बापालाबी येत हुती की, पाच वर्साचा झाला आन गेली,' असं सहज सांगून जातात. ती माहिती कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

स्प्रेचं मला विचारू नकोस. आमच्या काळात नव्हता. डॉक्टर कुणी असेल इथं तर लिहील.

वऱ्हाडी बालडॉक्टर

बाईंनी माझं निम्मं काम केलं आहे. मी विदर्भात जिल्ह्याच्या गावी मुलांचा दवाखाना चालवतो. उरलेलं लिहितो.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात १०० पैकी साधारण २ ते ५ मुलांना तापात एकदा तरी आकडी येते. म्हणजे तुमच्या २६ च्या वर्गात असं एखादं मूल असणं हे नवल नाही. ज्यांना एकदा येते त्यांच्यातल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांना पुन्हा येते. आई, वडील किंवा भावंडाला लहानपणी येत असेल तर शक्यता वाढते, म्हणून आजीला विचारायची बाईंची पद्धत एकदम योग्य. साध्या, थोडक्यात थांबणाऱ्या आकडीनं मेंदूला इजा होत नाही, बुद्धी कमी होत नाही. पुढं अपस्मार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचित जास्त असते, पण बहुसंख्य मुलांना तो होत नाही.

पॅरासिटामॉलबद्दल अनेक शिक्षकांचा आणि पालकांचाही गैरसमज असतो. ताप उतरला की मुलाला बरं वाटतं, म्हणून ते द्यायचं. त्यानं आकडी टळते असं दिसून आलेलं नाही. पुष्कळदा आकडी ताप चढतानाच येते, आई-बाईंच्या हाताला अंग गरम लागायच्या आत. त्यामुळं 'मी वेळेवर ताप मोजला नाही म्हणून झालं' असं कुणी मनाला लावून घेऊ नका. ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये, हे मात्र आईला सांगा. शाळेत अंग गरम लागलं तर स्वेटर काढा, आईला फोन करा, आणि तिनं लेखी दिलं असेल तरच चिठ्ठीतल्या मापानं औषध द्या. आकडी चालू असताना किंवा मूल गुंगीत असताना तोंडानं काहीही नाही. बर्फ नको, कोलन वॉटरच्या घड्या नकोत, गार पाण्याची आंघोळ तर नकोच. हुडहुडी भरून मूल आणखी तापतं.

हुडहुडी आणि आकडी यांतला फरकही समजून घ्या. हुडहुडीत मूल थरथरतं, दात वाजतात, पण हाक मारली की बघतं, रडतं, 'बाई थंडी वाजते' म्हणतं. आकडीत ते तुमच्याकडं बघत नाही. माझ्याकडं शाळेतून 'आकडी' म्हणून आणलेली काही मुलं नुसती कुडकुडत असतात.

आता पाच मिनिटं. फळ्यावरची वेळ आहे ती यासाठीच. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती आपण होऊन थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि मग औषधानं थांबवावी लागते. नाकातला स्प्रे त्यासाठी असतो. त्यात मिडाझोलाम असतं. आकडी आली की लगेच मारायचा नाही, डॉक्टरनं वेगळं लिहिलं नसेल तर पाच मिनिटांनी मारायचा. मूल कुशीवर असतानाच, फवारे दोन्ही नाकपुड्यांत वाटून. किती फवारे, हे मुलाच्या वजनावर आणि बाटलीच्या ताकदीवर ठरतं. वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या बाजारात आहेत, म्हणून मी इथून आकडा सांगणार नाही. दुसऱ्या कुणाच्या अनुभवावरून तर मारूच नका. आईला म्हणा, डॉक्टरांकडून स्वच्छ मराठीत लिहून आणा: मुलाचं नाव, वजन, किती मिनिटांनी, किती फवारे, आणि त्यांची सही. आईवडिलांचीही सही घ्या. हे नसेल तर स्प्रे तुमच्याकडं असून उपयोग नाही. असेल तर तो वापरायला डॉक्टर असावं लागत नाही, घरी आईच मारते. स्प्रेनं मूल गुंगतं, कधी श्वास मंदावतो, म्हणून तो मारल्यावर एक मोठं माणूस मुलाजवळून हलायचं नाही, आणि मुलाला दवाखान्यात न्यायचंच.

१०८ कधी? पाच मिनिटं झाली तर. एक थांबून दुसरी आली तर. आकडी थांबल्यावर श्वास नीट नसेल, ओठ निळेच राहिले, किंवा बराच वेळ होऊनही मूल जागं होत नसेल तर. पडताना डोक्याला मार लागला तर. आणि ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच आली आहे, त्याला दोन मिनिटांत थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरनं बघायला हवं. १०८ फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. पण तुमच्या गावी ती किती वेळात पोचते हे आधी चौकशी करून ठेवा. लांब असेल तर गाडी ठरवून ठेवा, मागच्या सीटवर मूल कुशीवर, आणि चालवणाऱ्याखेरीज एक माणूस फक्त त्याच्याकडं बघायला. दुपारी दोन वाजता जवळच्या कुठल्या दवाखान्यात डॉक्टर हजर असतो, हेही विचारून ठेवा. सकाळी सगळीकडेच असतात.

एक गोष्ट मात्र थोडं घाबरवण्यासाठीच लिहितो. ताप आणि आकडी म्हणजे दरवेळी ही निरुपद्रवी आकडीच असं नाही. मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया यांतही सुरुवात अशीच होते. आमच्या नागपूरजवळच्या चांदीपुऱ्याचं नाव एका विषाणूला मिळालं आहे, १९६५ साली तो तिथं पहिल्यांदा सापडला. वालुमाशी चावल्यानं पसरतो, पावसाळ्याच्या आसपास डोकं वर काढतो आणि मुलांनाच गाठतो. २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात त्यानं मुलं दगावली, २०२४ साली गुजरातेत. त्यात ताप, उलट्या, आकडी आणि बेशुद्धी हे सगळं एखाद्या दिवसात होतं. म्हणून आकडीनंतर मूल तासाभरात आपलं आपण ओळखायला, बोलायला लागलं नाही, मान ताठ वाटली, सारख्या उलट्या झाल्या, किंवा एकाच बाजूला झटके होते, तर 'ह्याला नेहमीच येते' म्हणून घरी पाठवू नका. सहा वर्षांपुढच्या मुलाला पहिल्यांदा आली तर तिलाही तापाची आकडी समजून सोडून देऊ नका.

खडूवाली

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. व्हरांड्याचा विषय त्यांनी सोडलाय. आता म्हणतात, आईकडून लेखी घ्या आणि मग ठेवा. घड्याळ चालू आहे, पण ते माझ्या मागच्या भिंतीवर होतं, समोर लावून घेतलं. मावशींनी चमचा नेला. कांद्याबद्दल अजून कुरकुर आहे.

डॉक्टर, दोन शंका. आईनं सांगितलं की ताप आला की तीन दिवस एक गोळी देतात, क्लोबाझाम नावाची, आकडी येऊ नये म्हणून. ती चालू असताना मूल शाळेत आलं तर? आणि स्प्रे कुठं ठेवायचा, फ्रीज आमच्याकडं नाही.

वऱ्हाडी बालडॉक्टर

फ्रीज लागत नाही. साध्या खोलीच्या तापमानाला, उन्हापासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाही पण तुम्हाला किल्ली शोधावी लागणार नाही अशा जागी. वरच्या फळीवर, दारावर चिठ्ठी लावून. मुदतीची तारीख बघून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बाटली पहिल्यांदा वापरताना आधी हवेत दाबून फवारा आणावा लागतो, ते आईकडून प्रत्यक्ष बघून घ्या.

क्लोबाझामबद्दल डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. एकदा-दोनदा थोडक्यात आलेल्या साध्या आकडीला मी सहसा देत नाही. वारंवार येत असेल, घर दवाखान्यापासून लांब असेल, आईवडील फार धास्तावलेले असतील, तर देतो. त्यांच्या डॉक्टरांनी मुलाला तपासून ठरवलंय, तेव्हा इथून मी ते बदलायला सांगणार नाही. तुमच्यापुरतं एवढंच, की त्या गोळीनं मूल पेंगतं, चालताना तोल जातो, कधी उलट चिडचिडं होतं. आणि गोळी चालू आहे म्हणजे ताप आहे, म्हणजे ते घरीच हवं. आईला सुट्टी मिळत नाही म्हणून पेंगत्या मुलाला कुणी आणून सोडलं तर झोपाळ्यावर आणि घसरगुंडीवर पाठवू नका.

बदलापूरची आई

आमच्या शाळेतल्या बाईंनी एक केलं होतं, ते सांगायचं राहिलं. मुलीला शाळेत एकदाच आकडी आली, तेव्हा त्यांनी मला फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "ती आता झोपलीय, श्वास नीट आहे, दीड मिनिट आली होती." मग बाकीचं. मी लोकलमध्ये होते, पुढचा सगळा प्रवास त्या एका वाक्यावर काढला. तुम्ही आईला फोन कराल तेव्हा सुरुवात तिथून करा. 'तुम्ही ताबडतोब या' असं म्हणून फोन ठेवू नका.

सडेतोड अण्णा

बरं, चमचा नको, पटलं. पण कांदा नुसता हुंगवला तर बिघडतं काय? मावशींचंही समाधान.

माणदेशी बाई

बिघडतं. हुंगवायला म्हणून लोक पोराला कुशीवरून उताणं करतात. उताणं केलं की लाळ घशात. त्यात नाकावर हात, म्हणजे तोंड लाळेनं भरलेलं आणि नाक आपण झाकलेलं. आणि कांदा आणायला जे माणूस पळतं तेच नेमकं फोन करायला हवं असतं.

खडूवाली, मावशींना म्हणावं, पोर नीट जागं होऊन बसलं, डॉक्टरनं बघितलं, घरी गेलं, की संध्याकाळी तुम्ही त्याच्या घरी जाऊन खुशाल दृष्ट काढा. मी अंगणवाडीतल्या मदतनीस बाईशी असाच करार केला होता. तिनं पाळला.

आणि एक, पोराचं वजन दिवाळीनंतर परत कर. ह्या वयात झरझर वाढतात, चिठ्ठीवरचे फवारे जुन्या वजनाचे राहतात. तुमच्याकडं वजनकाटा नसेल तर अंगणवाडीत असतो, सेविका नाही म्हणणार नाही.

खडूवाली

अंगणवाडी पलीकडच्याच गल्लीत आहे, सेविका ओळखीच्या आहेत. सोमवारी सगळ्या २६ जणांना रांगेनं घेऊन जाते, म्हणजे एकट्याचंच वजन का करताय असं कुणी विचारायला नको. रेलगाडीचा सरावही त्यातच होईल.